डीव्हीडी रिपिंगमधील एन्कोडिंग

डीव्हीडी रिपिंग म्हणजे डीव्हीडी तबकडीवरील चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके वाचून ती संगणकावर फाइलीच्या रूपात उतरवून घेणे. उतरवलेले चित्र अधिक आटोपशीर स्वरूपात पुन्हा संक्षेपित करण्याच्या क्रियेस एन्कोडिंग म्हणतात. डीव्हीडीवरील चित्र आधीच एकदा संक्षेपित झालेले असते. त्यामुळे दुसऱ्या संक्षेपणात त्यातील काही तपशील नाहीसा होतो आणि नव्या फाइलीतून तो परत मिळवता येत नाही. एन्कोडिंगच्या सेटिंग्ज निवडणे म्हणजे प्रामुख्याने काय गमावले तरी चालेल आणि काय गमावता कामा नये, हे ठरविणे होय. बाजारात मिळणाऱ्या चित्रपटांपेक्षा लग्नसमारंभ, घरगुती कार्यक्रम आणि हौशी नाट्यप्रयोगांच्या चित्रीकरणांबाबत हा निर्णय अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण अशा चित्रीकरणाची दुसरी प्रत बहुधा उपलब्ध नसते.

## मूळ चित्राचे स्वरूप

डीव्हीडी-व्हिडिओ तबकड्या १९९६ च्या अखेरीस प्रथम जपानमध्ये विक्रीस आल्या. एकपदरी तबकडीची क्षमता ४.७ अब्ज बाइट, तर द्विपदरी तबकडीची सुमारे ८.५ अब्ज बाइट असते. चित्र सामान्यतः एमपेग-२ या पद्धतीने संक्षेपित केलेले असते आणि त्याचा बिटदर सेकंदाला कमाल ९.८ मेगाबिट असू शकतो. दोन तासांचा चित्रपट एकपदरी तबकडीवर बसवायचा असेल, तर चित्र व ध्वनी मिळून सरासरी सुमारे ५.२ मेगाबिट प्रतिसेकंद एवढाच दर उपलब्ध होतो. तीन तासांचे चित्रीकरण त्याच तबकडीवर बसविल्यास हा दर ३.५ मेगाबिटपर्यंत खाली येतो. लग्नाच्या अनेक तबकड्यांवर जलद हालचालीच्या वेळी दिसणारे चौकोनी ठोकळे या टंचाईमुळे उमटलेले असतात. ते मूळ चित्राचाच भाग असल्याने कोणत्याही सेटिंगने पूर्णपणे काढता येत नाहीत.

चित्रचौकटीचे मोजमाप दूरचित्रवाणीच्या पद्धतीनुसार ठरते. पाल पद्धतीत ७२० × ५७६ पिक्सेलच्या सेकंदाला २५ चौकटी असतात. एनटीएससी पद्धतीत ७२० × ४८० पिक्सेलच्या सेकंदाला २९.९७ चौकटी असतात. भारतातील दूरचित्रवाणी पाल पद्धतीची होती. तरीही परदेशी बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून काढलेल्या अनेक भारतीय चित्रपटांच्या डीव्हीडी एनटीएससी पद्धतीच्या आहेत. म्हणून तबकडी कोठे विकत घेतली यावरून तिची पद्धत गृहीत न धरता फाइलीचे तपशील तपासून ती निश्चित केली जाते.

## उतरवणे आणि एन्कोड करणे

रिपिंगचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात तबकडीवरील माहिती जशीच्या तशी संगणकावर घेतली जाते. तबकडीवरील ‘व्हिडिओ_टीएस’ या फोल्डरमध्ये चित्र आणि ध्वनी व्हीओबी नावाच्या फाइलींत असतात आणि अशी प्रत्येक फाइल कमाल १ गिगाबाइटची असते. या फाइलींची किंवा संपूर्ण तबकडीची प्रतिमा उतरवता येते. मूळ एमपेग-२ प्रवाहाला हात न लावता तो एमकेव्ही फाइलीत भरणे, हाही एक मार्ग आहे. मेकएमकेव्हीसारखी साधने हे काम करतात. यात दर्जाची काहीही हानी होत नाही, मात्र फाइलीचा आकार जवळजवळ तबकडीवरील चित्राएवढाच राहतो.

दुसरा टप्पा एन्कोडिंगचा असतो आणि तो ऐच्छिक आहे. हँडब्रेक हे त्यासाठी सर्वाधिक परिचित असलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. एरिक पेटी यांनी २००३ मध्ये ते बीओएस या कार्यप्रणालीसाठी लिहिले. त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २०१६ मध्ये प्रकाशित झाली. एफएफएमपेग हे आज्ञावलीच्या रूपात वापरले जाणारे साधनही याच कामासाठी वापरतात. एन्कोडिंगमधील चूक लक्षात आल्यास पुन्हा मूळाकडे जाता यावे, यासाठी दोन्ही टप्पे वेगळे ठेवणे हितावह मानले जाते.

## कोडेकची निवड

संक्षेपणाच्या पद्धतीस कोडेक म्हणतात. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात डिव्हएक्स आणि एक्सव्हिड हे कोडेक लोकप्रिय होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एच.२६४ या मानकाने त्यांची जागा घेतली. एमपेग-२ च्या जवळपास निम्म्या बिटदरात एच.२६४ तेवढाच दर्जा राखू शकते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यानंतर २०१३ मध्ये एच.२६५ आणि २०१८ मध्ये एव्ही१ ही मानके आली. ती अधिक कार्यक्षम आहेत, पण एन्कोडिंगला त्यांना जास्त वेळ लागतो आणि जुनी उपकरणे त्यांतील फाइली दाखवू शकत नाहीत.

डीव्हीडीच्या बाबतीत नव्या कोडेकचा लाभ उच्च विभेदनाच्या चित्रांइतका ठळक नसतो. चौकट मुळातच लहान असल्याने बचत काही शे मेगाबाइटच्या घरात राहते. कुटुंबातील जुना दूरचित्रवाणी संच, भ्रमणध्वनी आणि संगणक या सर्वांवर फाइल चालावी अशी अपेक्षा असल्यास एच.२६४ ही सुरक्षित निवड ठरते. या मानकासाठी एक्स२६४ हे मुक्त एन्कोडर प्रामुख्याने वापरले जाते.

ग्राफिक्स कार्डातील किंवा प्रोसेसरमधील हार्डवेअर एन्कोडर हे काम फार जलद करतात. मात्र समान दर्जासाठी त्यांची फाइल सहसा मोठी होते. डीव्हीडीचे एन्कोडिंग आजच्या संगणकांना जड नसल्यामुळे जतनासाठीच्या प्रतीत सॉफ्टवेअर एन्कोडर वापरण्याकडे कल असतो.

## दर्जा की आकार

एन्कोडरला लक्ष्य दोन प्रकारे देता येते. पहिल्या प्रकारात सरासरी बिटदर ठरवून दिला जातो. ७०० मेगाबाइटच्या सीडीवर चित्रपट बसविण्याच्या काळात हीच रीत होती. दोन तासांच्या चित्रपटाला अशा सीडीवर चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला सुमारे ८१५ किलोबिट एवढीच जागा मिळे. ती काटकसरीने वापरण्यासाठी एन्कोडर चित्रपटावरून दोन फेऱ्या करीत असे. पहिल्या फेरीत कोणते प्रसंग गुंतागुंतीचे आहेत याची नोंद होई आणि दुसऱ्या फेरीत त्यानुसार बिटांचे वाटप होई. फाइल ठराविक जागेत बसविणे आवश्यक असेल तेव्हा ही रीत आजही उपयोगी पडते.

दुसऱ्या प्रकारात आकाराऐवजी दर्जा स्थिर ठेवला जातो. यास सीआरएफ, म्हणजे स्थिर दर्जा गुणक, असे म्हणतात. हँडब्रेकमध्ये तो आरएफ या नावाने दिसतो. एक्स२६४ मध्ये हे मूल्य ० ते ५१ या पट्ट्यात असते. मूल्य जितके कमी, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. मूल्य ६ ने वाढविल्यास बिटदर साधारणतः निम्मा होतो आणि ६ ने घटविल्यास दुप्पट होतो. हँडब्रेकच्या मार्गदर्शनानुसार डीव्हीडीच्या आकाराच्या चित्रासाठी १८ ते २२ ही मूल्ये योग्य समजली जातात. उच्च विभेदनाच्या चित्रासाठी सुचविलेली मूल्ये यापेक्षा थोडी जास्त असतात. डीव्हीडीची लहान चौकट मोठ्या पडद्यावर ताणली गेली की तिच्यातील दोष अधिक उठून दिसतात, हे या फरकाचे कारण आहे.

या पद्धतीत फाइलीचा आकार आधी सांगता येत नाही. एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले कीर्तन आणि पावसातील पाठलागाचा प्रसंग यांना एकाच मूल्यावर अगदी वेगवेगळी जागा लागते. हा पद्धतीचा दोष नसून प्रत्येक प्रसंगाला आवश्यक तेवढेच बिट मिळत असल्याची ती खूण आहे.

याबाबत दोन गैरसमज आढळतात. मूल्य खूप कमी ठेवल्यास चित्र मूळाहून चांगले होते, हा पहिला गैरसमज होय. प्रत्यक्षात अशा वेळी एन्कोडर मूळ संक्षेपणातील ठोकळे आणि कणकणही निष्ठेने जपतो. परिणामी फाइल मूळ डीव्हीडीपेक्षाही मोठी होऊ शकते. त्यापेक्षा मूळ प्रवाह तसाच ठेवणे श्रेयस्कर असते. निरनिराळ्या एन्कोडरांची मूल्ये परस्परांशी जुळतात, हा दुसरा गैरसमज होय. एक्स२६४ चे पूर्वनिर्धारित मूल्य २३ आहे, तर एक्स२६५ चे २८. त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्यात जसाच्या तसा वापरता येत नाही.

## वेग आणि चित्राचा प्रकार

एक्स२६४ मध्ये ‘अल्ट्राफास्ट’पासून ‘प्लसीबो’पर्यंत वेगाचे ठरीव पर्याय असून ‘मीडियम’ हा पूर्वनिर्धारित आहे. वेग कमी केल्यास एन्कोडर बिट वाचविण्याच्या अधिक युक्त्या पडताळून पाहतो. परिणामी जवळपास त्याच दर्जाची फाइल सहसा लहान होते. ‘स्लो’ हा पर्याय व्यवहारात समतोल मानला जातो. त्याहून संथ पर्यायांत वेळ पुष्कळ जातो आणि लाभ उत्तरोत्तर घटत जातो.

चित्राच्या प्रकारानुसार ‘ट्यून’ हे सेटिंगही बदलता येते. त्यात चित्रपट, व्यंगचित्रपट आणि फिल्मचे कण जपणे यांसाठी स्वतंत्र पर्याय आहेत. कण जपणारा पर्याय निवडल्यास फाइल बरीच मोठी होते. याउलट कण किंवा फितीवरील खरखर पुसणारे फिल्टर लावल्यास फाइल लहान होते, पण त्यासोबत चेहऱ्यावरील बारकावे आणि वस्त्रांचा पोतही पुसला जाऊ शकतो.

## इंटरलेसिंग आणि टेलिसिने

डीव्हीडीच्या एन्कोडिंगमधील सर्वाधिक चुका येथे होतात. व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेले चित्र बहुधा इंटरलेस असते. त्यात प्रत्येक चौकट दोन फील्डांची बनते. एका फील्डात विषम क्रमांकाच्या रेषा असतात, तर दुसऱ्यात सम क्रमांकाच्या. ही दोन फील्डे वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असतात. पाल पद्धतीत अशी ५० फील्डे दर सेकंदाला येतात. संगणकाच्या पडद्यावर ती एकत्र दाखविल्यास हलणाऱ्या वस्तूंच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात.

हे दात काढण्याच्या क्रियेस डीइंटरलेसिंग म्हणतात. याडिफ, बीडब्ल्यूडिफ आणि हँडब्रेकमधील डीकोम्ब हे त्यासाठीचे फिल्टर आहेत. त्यांच्या नेहमीच्या वापरात दोन फील्डांची एक चौकट होऊन सेकंदाला २५ चौकटी उरतात. ‘बॉब’ या पर्यायात प्रत्येक फील्डापासून एक स्वतंत्र चौकट तयार होते आणि सेकंदाला ५० चौकटी मिळतात. फाइल थोडी मोठी झाली, तरी नृत्य, खेळ किंवा वरातीच्या चित्रीकरणातील हालचालीचा मूळ सलगपणा या पर्यायातच टिकतो. २५ चौकटींच्या पर्यायात हालचालीची निम्मी नोंद कायमची जाते. फील्डांचा क्रम चुकीचा धरल्यास हालचाल पुढे-मागे हिसके खात असल्यासारखी दिसते.

चित्रपटांची गोष्ट वेगळी आहे. फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी असतात. पाल डीव्हीडीसाठी चित्रपट सामान्यतः सेकंदाला २५ चौकटी या वेगाने चालविला जातो. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि स्वर वेगळा सुधारून न घेतल्यास ध्वनी किंचित चढा ऐकू येतो. अशा तबकडीतील चौकटी मुळातच अखंड असल्याने तिला डीइंटरलेसिंगची गरज नसते.

एनटीएससी डीव्हीडीसाठी फिल्मच्या ४ चौकटींपासून १० फील्डे, म्हणजे ५ चौकटी, तयार केल्या जातात. ही टेलिसिने प्रक्रिया होय. येथे डीइंटरलेसिंग करणे चूक ठरते. ‘डीटेलिसिने’ फिल्टर वापरून पुनरावृत्त फील्डे काढून टाकल्यास सेकंदाला २३.९७६ या दराने मूळ चौकटी परत मिळतात. तबकडी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्यासाठी हालचालीचा एखादा प्रसंग थांबवून चौकटी एकेक करून पाहतात. प्रत्येक चौकटीत दात दिसल्यास चित्र इंटरलेस असण्याची शक्यता अधिक असते. सलग पाच चौकटींपैकी तीन स्वच्छ आणि दोन दातेरी दिसल्यास ते टेलिसिने असते. गरज नसताना लावलेला फिल्टर उभ्या दिशेचा तपशील कमी करतो. म्हणून केवळ दातेरी चौकटींवर काम करणारा शोधक पर्याय उपलब्ध असल्यास तो निवडला जातो.

## चौकटीचे प्रमाण आणि कातरणी

डीव्हीडीवरील पिक्सेल चौरस नसतात. एकाच मापाच्या चौकटीत ४:३ आणि १६:९ अशी दोन्ही प्रमाणांची चित्रे साठविलेली असतात आणि दाखविताना ती योग्य रुंदीला ताणली जातात. या पद्धतीस अ‍ॅनामॉर्फिक म्हणतात.

| पद्धत | साठविलेली चौकट | ४:३ चित्राचे दृश्य माप | १६:९ चित्राचे दृश्य माप |
|---|---|---|---|
| पाल | ७२० × ५७६ | ७६८ × ५७६ | १०२४ × ५७६ |
| एनटीएससी | ७२० × ४८० | ६४० × ४८० | सुमारे ८५३ × ४८० |

एन्कोडिंग करताना साठविलेले पिक्सेल तसेच ठेवून फाइलीत केवळ दृश्य प्रमाणाची नोंद करणे, हा सर्वांत कमी हानीचा मार्ग आहे. ही नोंद चुकल्यास माणसे अकारण उंच व सडपातळ किंवा बुटकी व रुंद दिसतात. चौकट १९२० × १०८० पर्यंत वाढविल्याने नवा तपशील निर्माण होत नाही. तेवढे मोठे करण्याचे काम दूरचित्रवाणी संच पाहण्याच्या वेळी करतोच. शिवाय सामान्य आणि उच्च विभेदनाच्या चित्रांसाठी रंगांची मानके वेगवेगळी असल्याने योग्य रूपांतराविना आकार वाढविल्यास रंगांच्या छटा बदलू शकतात.

चित्राच्या कडेच्या काळ्या पट्ट्या कातरणे सामान्यतः निर्धोक असते. मात्र अंधाऱ्या प्रसंगांमुळे स्वयंचलित कातरणी फसू शकते. म्हणून चित्रपटातील अनेक ठिकाणी ती तपासली जाते. व्हीएचएस फितीवरून डीव्हीडीवर घेतलेल्या चित्राच्या तळाशी काही रेषांमध्ये थरथरणारा पट्टा दिसतो. तो फितीच्या वाचकशीर्षांच्या अदलाबदलीमुळे उमटलेला असल्याने कातरता येतो.

## ध्वनी, उपशीर्षके आणि कंटेनर

डीव्हीडीवर कमाल ८ ध्वनिमार्ग आणि ३२ उपशीर्षकमार्ग असू शकतात. ध्वनी बहुधा एसी-३ स्वरूपात असतो आणि त्याचा बिटदर कमाल ४४८ किलोबिट प्रतिसेकंद असतो. चित्राच्या तुलनेत तो फारशी जागा घेत नसल्यामुळे पुन्हा एन्कोड न करता तसाच ठेवणे योग्य ठरते. भ्रमणध्वनीवर चालण्यासाठी त्याच्या जोडीला एएसी स्वरूपातील स्टीरिओ मार्ग ठेवता येतो. काही तबकड्यांवर ध्वनी असंक्षेपित एलपीसीएम स्वरूपात असतो. त्याचा दर १,५३६ किलोबिट असल्याने तीन तासांत तो एकटाच सुमारे २ गिगाबाइट जागा व्यापतो. तेथे एफएलएसी या हानिरहित पद्धतीचा उपयोग होतो.

डीव्हीडीवरील उपशीर्षके अक्षरांच्या रूपात नसून चित्रांच्या रूपात असतात. ती मुख्य चित्रावर कायमची छापल्यास पुढे काढता किंवा बदलता येत नाहीत. स्वतंत्र मार्ग म्हणून ठेवल्यास हवी तेव्हा दाखविता येतात. एमकेव्ही हा कंटेनर अशी चित्ररूप उपशीर्षके, अनेक ध्वनिमार्ग आणि प्रकरणांच्या खुणा सहज सामावून घेतो. एमपी४ अधिक उपकरणांवर चालतो, पण चित्ररूप उपशीर्षकांना त्यात सर्वत्र आधार मिळत नाही.

## पडताळणी आणि जतन

संपूर्ण एन्कोडिंगपूर्वी दोन-तीन मिनिटांचे नमुने तयार करून पाहण्याची पद्धत आहे. एक नमुना जलद हालचालीचा, एक अंधाऱ्या प्रसंगाचा आणि एक चेहरा जवळून दाखविणारा घेतला जातो. अंधारातील पट्टे, हालचालीतील हिसके आणि ओठांशी न जुळणारा आवाज हे दोष अशा नमुन्यांतून दिसून येतात. प्रत्यक्ष वापरातील संचावर नेहमीच्या अंतरावरून पाहणे हे पडद्याजवळून एकेक चौकट न्याहाळण्यापेक्षा अधिक उपयुक्त असते.

घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या तबकड्या आणि कारखान्यात छापलेल्या तबकड्या यांच्या टिकाऊपणात फरक असतो. एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीतील माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात नोंदलेली असते. उष्णता, आर्द्रता आणि प्रकाश यांमुळे हा थर खराब होतो आणि कालांतराने तबकडी वाचणे अशक्य होऊ शकते. अशा तबकड्यांच्या बाबतीत मूळ प्रवाहाची हानिरहित प्रत आधी काढून ती किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि दैनंदिन वापरासाठी स्वतंत्र एन्कोड केलेली फाइल तयार करावी, ही पद्धत सर्वांत सुरक्षित समजली जाते. पुढे अधिक चांगले कोडेक किंवा डीइंटरलेसिंगचे फिल्टर उपलब्ध झाल्यास जतन केलेल्या मूळ प्रतीवरूनच त्यांचा पूर्ण लाभ घेता येतो. मूळ तबकडी टाकून देण्यापूर्वी उतरवलेली फाइल अखेरपर्यंत चालते की नाही, हे पाहणे आवश्यक असते.

## कायदेशीर बाजू

विक्रीच्या अनेक डीव्हीडींवर सीएसएस ही कूटबद्धता असते. १९९९ मध्ये ती उलगडणारी डीसीएसएस ही संगणक आज्ञावली प्रसृत झाली. तिच्याशी संबंधित नॉर्वेजियन तरुण यून लेक यूहानसेन याच्यावर नॉर्वेत खटला चालला आणि २००३ मध्ये तो निर्दोष ठरला. अमेरिकेत १९९८ च्या डिजिटल मिलेनियम प्रताधिकार कायद्याने अशी संरक्षणे मोडण्यास सामान्यतः मनाई केली आहे.

भारतात प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खाजगी वा वैयक्तिक वापरासह काही प्रयोजनांसाठी कृतींच्या न्याय्य वापरास सूट दिलेली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५अ घालण्यात आले. त्यानुसार प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. उतरवलेली चित्रपटाची प्रत इतरांना वाटणे किंवा विकणे हे खाजगी वापरात मोडत नाही. घरगुती तबकड्यांवर सीएसएस नसल्याने त्यांच्या बाबतीत संरक्षण मोडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.